"माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे" असं म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी

लग्नसराई जवळ आली की नागपुरात सगळीकडे एकच विषय सुरू होतो, वजन. आणि वजनाच्या मागोमाग येतं ते मेटाबॉलिझम. "अगं मी काही खातच नाही, माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे" हे मी शेजारच्या काकूंपासून मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांकडून ऐकते, आणि त्याच्या पाठोपाठ प्रश्न ठरलेला असतो, मग ते वाढवायला काय घेऊ? घेऊ म्हणजे काहीतरी पावडर, ग्रीन टी, जिऱ्याचं पाणी, असं. मी जीवशास्त्र शिकवते त्यामुळे लोक मला विचारतात, आणि दोन मिनिटांत उभ्या उभ्या सांगता येत नाही म्हणून आज सगळं नीट लिहून काढते आहे.

आधी माझं मत सांगून टाकते. बहुतेक लोकांचं मेटाबॉलिझम स्लो नसतंच. त्यांचे स्नायू कमी झालेले असतात, दिवसातला बसण्याचा वेळ भयंकर वाढलेला असतो, ताटात प्रोटीन कमी असतं आणि वर दर दोन-चार महिन्यांनी उपाशी राहण्याचा एखादा प्रयोग झालेला असतो. यातलं सगळं दुरुस्त करता येतं, पण पावडरने नाही.

मेटाबॉलिझम म्हणजे शरीरातल्या पेशी दिवसरात्र जी रासायनिक कामं करत असतात ती सगळी मिळून. अन्न मोडून ऊर्जा काढणं, त्या ऊर्जेवर हृदय चालवणं, जुन्या पेशींच्या जागी नव्या बनवणं, शरीराचं तापमान ३७ अंशाच्या आसपास ठेवणं, सगळं त्यात आलं. १७८२-८३ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं, त्याच्या अंगाच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजलं आणि त्याने श्वासातून किती वायू बाहेर टाकला त्याच्याशी ताडून पाहिलं. तिथून कळलं की श्वास घेणं हे एक प्रकारचं सावकाश जळणं आहे. म्हणून आजही तुमचं मेटाबॉलिझम खरोखर मोजायचं असेल तर तुम्ही किती ऑक्सिजन आत घेता आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडता हेच मोजतात. जिममधल्या वजनकाट्यावर उभं राहिलं की "तुमचं मेटाबॉलिक वय ५२" असं छापून येतं ना, तो फॉर्म्युल्यातून काढलेला अंदाज असतो, त्याच्यावर रडत बसू नका.

इथेच एक गोष्ट सांगते जी ऐकून माझ्या वर्गातल्या पोरांचेही डोळे मोठे होतात. चरबी कमी होते तेव्हा ती जाते कुठे? बहुतेक जण म्हणतात घामातून, किंवा उष्णता होऊन. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी सरळ हिशोब मांडला, १० किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर जाते आणि उरलेली १.६ किलो पाणी होऊन. म्हणजे चरबी मुख्यतः नाकातोंडातून बाहेर जाते. (म्हणून मुद्दाम जोरजोरात श्वास घेऊन काही होत नाही हां, आधी ती जळावी लागते.) तेव्हा मे महिन्यात ४५ अंशाला पोटाला प्लास्टिकचा पट्टा गुंडाळून चालायला जाणाऱ्यांनी कृपा करून ते बंद करा. जे वजन उतरतं ते पाण्याचं असतं, घरी येऊन दोन ग्लास पाणी प्यायलं की परत येतं, आणि आपल्या उन्हात उष्माघाताचा धोका मात्र खराखुरा असतो.

आता खर्चाचा हिशोब. दिवसभरात शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातली साधारण ६० ते ७० टक्के नुसतं जिवंत राहण्यात जाते, तुम्ही दिवसभर पलंगावर पडून राहिलात तरीसुद्धा. घरात कोणी नसलं तरी फ्रिज चालूच असतो आणि मीटर फिरतच राहतं, तसं. नुसतं जिवंत राहण्याच्या या खर्चाला बीएमआर (बेसल मेटाबॉलिक रेट) म्हणतात. मग साधारण १० टक्के खाल्लेलं अन्न पचवण्यात जाते. आणि उरलेली हालचालीत, ज्यात व्यायामही आला आणि व्यायाम नसलेली सगळी उठबसही आली.

बीएमआरचा अंदाज काढायला १९९० पासून एक सूत्र वापरतात, मिफलिन-सेंट जिओर नावाचं. वजन किलोत घेऊन १० ने गुणा, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ६.२५ ने गुणा, दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट वजा करा, आणि मग बाई असेल तर १६१ वजा करा, पुरुष असेल तर ५ मिळवा. समजा एक ताई आहेत, वय ४५, वजन ६५ किलो, उंची १५५ सेंटिमीटर. त्यांचा बीएमआर येतो १२३० च्या आसपास. म्हणजे पूर्ण दिवस झोपून राहिल्या तरी १२३० कॅलरी लागणार. आणि याच ताईंना कोणीतरी ८०० कॅलरीचा डाएट चार्ट व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो. त्यावर पुढे येते, कारण तिथे माझा जीव तुटतो.

ही बीएमआरची ऊर्जा खातं कोण? लोकांना वाटतं स्नायू. स्नायू खातात, पण शांत बसलेले असताना किलोमागे दिवसाला १३ कॅलरीच्या आसपास, आणि चरबी किलोमागे साडेचार. खरे खादाड अवयव म्हणजे यकृत, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडं. वजनात ते सगळे मिळून शरीराचा छोटासा हिस्सा, पण बसल्या जागेच्या खर्चातला अर्ध्याहून जास्त वाटा त्यांचा. आता यकृत किंवा मेंदू तर वाढवता येत नाही. आणि महिनोन्‌महिने मेहनत करून दोन किलो स्नायू कमावले तरी बसल्या जागी खर्च वाढतो जेमतेम २५ कॅलरीने. म्हणून "मसल बनवा आणि झोपेत फॅट जाळा" अशी जाहिरात दिसली की ओळखायचं, आकडा फुगवलेला आहे. मग स्नायू कशाला कमवायचे? कारण त्यांचं मोठं काम वेगळंच आहे. जेवल्यावर रक्तात आलेली साखर साठवून ठेवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू. ती जागा लहान झाली की साखर रक्तात रेंगाळते, इन्सुलिन जास्त लागतं, पोटाभोवती आणि यकृतात चरबी साचते. आपल्याला ज्याची भीती बाळगायला पाहिजे ते हे आहे.

आणि आपल्याला म्हणजे खास आपल्यालाच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 'बारीक पण चरबीदार भारतीय' ही कल्पना जगापुढे मांडली. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघंही सडपातळ. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणजे वजनकाटा ओके म्हणतो तेव्हाही आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, आणि त्यामुळे डायबिटीस आपल्याला कमी वयात आणि कमी वजनात गाठतो. म्हणून बारीक दिसणाऱ्यांनी हा लेख आपल्यासाठी नाही असं समजू नका. हातपाय काटकुळे आणि फक्त पोट पुढे अशी शरीरयष्टी असेल तर तुमच्यासाठी तर जास्तच आहे.

"पण चाळिशीनंतर मेटाबॉलिझम स्लो होतंच ना?" नाही. २०२१ मध्ये सायन्स या नियतकालिकात हर्मन पॉन्टझर आणि जगभरातल्या त्यांच्या सहकाऱ्यांचं मोठं काम छापून आलं, २९ देशांतले ६,४०० पेक्षा जास्त लोक, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत. शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण हिशोबात धरल्यावर त्यांना दिसलं की वयाच्या २० पासून ६० पर्यंत खर्चाचा दर जवळजवळ सपाट राहतो. साठीनंतर मग तो हळूहळू, वर्षाला ०.७ टक्क्याच्या आसपास, उतरतो. बायकांच्या पाळी जाण्याच्या वयातही एकदम घसरण दिसली नाही (चरबी मात्र त्या काळात मांड्यांवरून पोटाकडे सरकते, ते खरं आहे). तर मग चाळिशीत वजन का वाढतं? बघा ना काय काय बदललेलं असतं. कॉलेजला सायकलने जाणारी मुलगी आता कोपऱ्यावरच्या दुकानात सुद्धा ॲक्टिवा घेऊन जाते, ऑफिसात आठ तास खुर्ची, घरी आल्यावर सोफा आणि मोबाईल, मुलांच्या ताटात उरलेलं टाकवत नाही म्हणून तेही पोटात, झोप साडेपाच तास, आणि स्नायू न वापरल्यामुळे वर्षाला थोडे थोडे झिजत चाललेले. हे सगळं एका शब्दात "मेटाबॉलिझम" म्हणून बाजूला ठेवलं की हातात काहीच राहत नाही, आणि वेगवेगळं करून पाहिलं की जवळजवळ प्रत्येक गोष्टीत काहीतरी करता येतं.

आता ताटाकडे येऊ.

प्रोटीन पचवायला शरीराला सगळ्यात जास्त मेहनत पडते. शंभर कॅलरीचं प्रोटीन खाल्लं तर २० ते ३० कॅलरी ते पचवण्यातच जातात, भात-पोळीच्या स्टार्चला ५ ते १०, आणि तेला-तुपाला फार तर ३. याचा एवढा गाजावाजा करतात की जणू पनीर खाऊन बारीक होता येतं. दिवसाला २५ ग्रॅम प्रोटीन वाढवलं तर यातून मिळणारा जादा खर्च वीस-पंचवीस कॅलरीचा. प्रोटीनचा खरा फायदा दोन ठिकाणी आहे, एक म्हणजे पोट लवकर भरतं आणि भरलेलं राहतं, दुसरं म्हणजे वजन उतरत असताना स्नायू वाचतात.

किती पाहिजे? आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण आहे किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. म्हणजे आपल्या ६५ किलोच्या ताईंना ५४ ग्रॅम. आता त्यांच्या दिवसाचा हिशोब करू. सकाळी चहा आणि दोन टोस्ट, दोन-तीन ग्रॅम. नाश्त्याला पोहे, चार-पाच ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, पातळ वरण, थोडा भात, भाजी, सगळं मिळून बारा-तेरा. संध्याकाळी परत चहा. रात्री दोन पोळ्या आणि भाजी, आठ-नऊ. झाले का तीसच्या आसपास? आणि हे त्या दिवशीचं जेव्हा त्यांना वरण पुरलं. कारण आपल्या घरांमध्ये बाई सगळ्यात शेवटी जेवायला बसते, तोवर दाळ तळाशी गेलेली असते, अंडी पोरांनी संपवलेली असतात, दही सासऱ्यांना वाढलेलं असतं, आणि तिच्या वाट्याला पोळी, भाजीचा रस्सा आणि लोणचं. मग तिचे स्नायू झिजतात, ती थकते, थकली की हालचाल कमी होते, वजन वाढतं आणि सगळे तिलाच म्हणून राहिले की तुझं खाणं जास्त आहे. हे मला बिलकुल सहन होत नाही. मेटाबॉलिझमसाठी घरात एकच बदल करायचा असेल तर सगळे सोबत जेवा, आणि दाळ सगळ्यांना सारखी वाढा.

ते कमी पडलेले वीस-पंचवीस ग्रॅम आणायचे कुठून? महागडा डबा लागत नाही. वरण घट्ट करा, वाटीभर घट्ट दाळीत सहा-सात ग्रॅम मिळतात. मूठभर शेंगदाण्यात सात. एका अंड्यात सहा. वाटीभर उकडलेल्या चण्यात किंवा बरबटीत (चवळीत) सात-आठ. वाटीभर दह्यात पाच. झुणका किंवा पिठलं तर आपल्या विदर्भाचंच, बेसनात शंभर ग्रॅममागे वीसच्या वर प्रोटीन असतं, फक्त फोडणीचं तेल हात राखून. सोयाबीन आपल्या भागात एवढं पिकतं पण आपण त्याचं फक्त तेल खातो, त्याच्या वड्यांमध्ये शंभर ग्रॅमला पन्नासच्या आसपास प्रोटीन असतं, आठवड्यातून दोनदा भाजी केली तर काय बिघडतं.

तर्री पोह्याबद्दल विचारल्याशिवाय नागपूरचा माणूस राहणार नाही, म्हणून सांगते. तर्रीतला चणा ही त्या प्लेटमधली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. भाऊला सांगा पोहे कमी घाल, चणे जास्त घाल, वरून कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर), लिंबू भरपूर, आणि वर तरंगणारं लाल तेल राहू दे. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरीच्या पुढे, आणि तर्रीवर तो सहज बसतो. सावजीचंही तसंच, मटणात प्रोटीन आहेच, पण वाटीत वरचं तेल किती ते पाहा. "तिखट खाल्लं की घाम येतो, चरबी जळते" असं सावजी खाताना सगळेच म्हणतात. मिरचीतल्या कॅप्सेसिनने खर्च थोडासा वाढतो हे खरं, पण तो इतका किरकोळ आहे की एका जादा पोळीची भरपाई होत नाही. चवीसाठी खा, मजेत खा.

उपवासाचं थोडं बोलायला पाहिजे. साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाणे सोडले तर जवळजवळ नुसता स्टार्च. एकादशी, चतुर्थी, नवरात्र असं करत करत महिन्यातले बरेच दिवस यावर काढणाऱ्या बायका मला माहीत आहेत. श्रद्धेला माझा नमस्कार आहे, फक्त त्या दिवशी भगर, राजगिरा, दही, दूध, शेंगदाण्याची आमटी यांचा वाटा वाढवा आणि साबुदाणा कमी करा.

बाकीच्या गोष्टी भराभर. जिऱ्याचं पाणी, दालचिनी, मध-लिंबू, यांनी मेटाबॉलिझममध्ये लक्षात येण्यासारखा फरक पडत नाही, प्यायचं तर प्या. कॉफी-चहातल्या कॅफिनने काही तास खर्च थोडा वाढतो, पण कपामागे दोन चमचे साखर घालून दिवसाला पाच चहा होत असतील तर तो फायदा साखरेतच बुडाला. थंड पाण्याचं म्हणाल तर शाळेतलं गणित करा, अर्धा लिटर पाणी १० अंशावरून ३७ अंशावर न्यायला साडेतेरा कॅलरी लागतात. दर दोन तासांनी थोडं थोडं खाल्लं की मेटाबॉलिझम पेटलेलं राहतं हेही खरं नाही, पचवण्याचा खर्च दिवसभरात एकूण किती आणि काय खाल्लं त्यावर ठरतो, किती वेळा खाल्लं त्यावर नाही. नाश्ता चुकला म्हणून बीएमआर पडत नाही.

पण उपासमार, म्हणजे आठवडेच्या आठवडे फारच कमी खाणं, ही वेगळी गोष्ट आहे, आणि इथे खरोखर मेटाबॉलिझम खाली येतं. १९४४-४५ मध्ये, दुसरं महायुद्ध सुरू असताना, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला, ते सगळे स्वतःहून आले होते. त्यांना सहा महिने दिवसाला साधारण पंधराशे-सोळाशे कॅलरी दिल्या आणि भरपूर चालायला लावलं. वजन जवळपास एक चतुर्थांश घटलं, पण बीएमआर सुमारे ४० टक्क्यांनी घसरला. अंगात सतत थंडी, चिडचिड, कशात मन लागेना, दिवसरात्र डोक्यात फक्त जेवणाचे विचार. आता परत एकदा तो व्हॉट्सॲपवरचा ८०० कॅलरीचा चार्ट आठवा! ज्या प्रयोगाला उपासमार म्हटलं गेलं त्याच्यापेक्षाही निम्मं आपण हौसेने करून राहिलो.

दुसरं उदाहरण जास्त अलीकडचं. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ लोकांना केव्हिन हॉल यांच्या टीमने सहा वर्षांनी परत तपासलं, २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, पण बसल्या जागेचा खर्च मात्र त्यांच्या आकाराच्या माणसाचा जेवढा असायला हवा त्याच्यापेक्षा दिवसाला सरासरी ५०० कॅलरीच्या आसपास कमीच राहिला होता. त्यांनी फार थोड्या महिन्यांत फार जास्त वजन उतरवलं होतं, हे टोकाचं उदाहरण आहे, सगळ्यांचं असं होत नाही. पण दिशा कळते. शरीराला अन्नाचा तुटवडा जाणवला की थायरॉइडच्या सक्रिय हार्मोनची पातळी कमी होते, माणूस नकळत हालचाल कमी करतो, भूक वाढते. हे सगळं जीव वाचवण्यासाठी आहे, दुष्काळात याच गुणाने आपले पूर्वज जगले. म्हणून "१५ दिवसांत ५ किलो" च्या मागे लागू नका, महिन्याला एक-दोन किलो उतरलं तर ते भरपूर आहे, आणि ते उतरताना प्रोटीन आणि स्नायूंचा व्यायाम सुरू ठेवा म्हणजे जे जाईल ते जास्त करून चरबीतूनच जाईल.

आता हालचाल, आणि या लेखातला माझा सगळ्यात आवडता भाग. व्यायाम म्हटलं की आपण जिमचा एक तास धरतो आणि उरलेले तेवीस तास विसरतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. सगळ्यांना सारखंच जादा. पण कोणाच्या अंगावर अर्धा किलोसुद्धा चरबी चढली नाही आणि कोणाच्या अंगावर चार किलोच्या वर चढली. फरक कशाचा? ज्यांची चरबी वाढली नाही ते नकळत जास्त हालत होते, उठत होते, उभे राहत होते, चुळबुळ करत होते. एकाच वजनाच्या दोन माणसांमध्ये या साध्या उठबशीमुळे दिवसाचा खर्च शेकडो कॅलरींनी वेगळा असू शकतो. आपल्या आज्यांना जिम माहीत नव्हतं पण पाटा-वरवंटा होता, विहिरीचं पाणी होतं, जमिनीवर बसून स्वयंपाक होता, पंचवीस वेळा उठबस होती. परत विहिरीवर जा असं मी म्हणत नाही, पण मेट्रोने सीताबर्डीला उतरलात तर लिफ्टऐवजी जिना घ्या, फोन आला की उभं राहून चालत बोला, गाडी बर्डीवर एका टोकाला लावून सगळी खरेदी पायी करा, इतवारीत तर तसंही गाडी घालायला जागा नसते.

चालण्याबद्दल खोटी आशा दाखवत नाही. ६५ किलोच्या माणसाने अर्धा तास बऱ्यापैकी वेगात चाललं तर ११० कॅलरीच्या आसपास खर्च होतात, ज्यात बसून राहिला असता तरी खर्च झाले असते तेही आले. अंबाझरीला रोज फेरी मारून परत येताना समोसा-कढी घेतली तर वजनाच्या बाबतीत ती फेरी वाया गेली. पण हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी, मनासाठी ती वाया जात नाही, म्हणून चाला. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढा. हिवाळ्यात सेमिनरी हिल्स, फुटाळा, तेलंखेडी, कुठेही जा, स्वर्ग आहे. एप्रिलपासून जूनपर्यंत मात्र पहाटे उरकून घ्या, नाही जमलं तर घरात जिन्यावर. आणि शतपावली सोडू नका, जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतरची शुगर कमी चढते, ज्यांच्या घरात डायबिटीस आहे त्यांच्यासाठी तर हे औषधाइतकं मोलाचं आहे (औषधाच्या जागी नाही, सोबत).

त्या दोन दिवसांच्या ताणाच्या व्यायामाला आपल्याकडे सगळेच टाळतात. काकू म्हणतात वजनं उचलली की पैलवानासारखं दिसेन. तसं होत नाही, बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारं हार्मोन फार कमी असतं आणि पैलवान वर्षानुवर्षं तासन्‌तास मेहनत करून तसे होतात. तुम्ही खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि बसा, दहा वेळा, थोडं थांबून परत दहा, असं तीनदा. भिंतीला हात लावून जोर काढा. पाच लिटरच्या दोन कॅन पाण्याने भरून दोन हातांत धरून गच्चीवर चाला. सोपं वाटायला लागलं की वजन किंवा वेळा वाढवा, ही वाढवण्याची पायरी महत्त्वाची आहे कारण त्याशिवाय स्नायूला वाढायचं कारणच उरत नाही. साठी-सत्तरीतल्या आईवडिलांकडूनही हे करून घ्या, त्या वयातही स्नायू वाढतात, आणि बाथरूममध्ये पडून कंबरेचं हाड मोडण्यापासून वाचवणारी गोष्ट हीच आहे. गुडघे दुखत असतील तर खुर्ची उंच घ्या, उशी ठेवा, सुरुवात अर्ध्यापासून करा.

झोपेचंही सांगते, थोडक्यात. सात तासांच्या खाली झोप गेली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, त्यातही गोड आणि तळलेल्याची. रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल पाहून सकाळी सहाला वॉकला जाणाऱ्यांनी आधी झोप पूर्ण करावी असं मला वाटतं.

मेटाबॉलिझम खरोखर मंद झालेलं असू शकतं, थायरॉइड कमी काम करत असेल तेव्हा. सतत थकवा, इतरांना गरम होत असताना आपल्याला थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, केस गळणं, त्वचा कोरडी पडणं, पाळी बिघडणं, यातलं बरंच काही एकत्र असेल तर टीएसएच तपासून घ्या, थायरॉइड नीट काम करतं का ते सांगणारी साधी रक्ताची तपासणी आहे. पण थायरॉइड निघाला तरी त्यामुळे चढलेलं वजन साधारणपणे काही थोड्याच किलोंचं असतं, वीस किलो त्याच्या माथी मारता येत नाही. आणि शेजारणीच्या थायरॉइडच्या गोळ्या बारीक व्हायला म्हणून घेणारे लोक आहेत, ते अजिबात करू नका, हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात.

ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, हे टाळायचं नाही. आणि इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या सुरू असलेल्यांनी व्यायाम वाढवला की शुगर एकदम खाली जाऊ शकते, तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे घरी मशीनवर तपासत राहा, चालायला जाताना खिशात साखरेची पुडी ठेवा, हात थरथरले किंवा दरदरून घाम फुटला की तिथेच थांबून ती खा, आणि परत आल्यावर डोस कमी करायचा का हे डॉक्टरांना फोन करून विचारा.